सालीतलं तेल

चाकणच्या एमआयडीसीत पाळी सुटली की नळापाशी गर्दी होते. ग्रीसने माखलेले हात नुसत्या पाण्याला दाद देत नाहीत. कुणी लाकडाचा भुसा चोळतो, कुणी कपड्यांची पावडर, कुणी सुपरवायझरची नजर चुकवून थिनर. काही शॉपमध्ये मात्र नारिंगी, रवाळ पेस्टचा डबा असतो. कोरड्या हातांवर चोळली की काळं सुटत जातं आणि मागे संत्र्याचा वास राहतो. तो काही केवळ हौसेने घातलेला नसतो. अशा बऱ्याच पेस्टमध्ये ग्रीस सोडवण्याचं काम संत्र्याच्या सालीतलं तेलच करतं.

तेच तेल कॉस्मेटिकच्या दुकानात काळपट काचेच्या इवल्याशा बाटलीत मिळतं. तिथे ते 'नैसर्गिक' असतं आणि चेहऱ्यावर तजेला आणतं. यंत्राचं वंगण उतरवणारं द्रव्य गालावर आलं की एकदम सौम्य होतं, असं आपण का धरून चालतो कोण जाणे!

या तेलात ९० टक्क्यांहून जास्त लिमोनीन असतं. लहानपणी साल दुमडून एकमेकांच्या डोळ्यांत जो फवारा उडवला, तो याचाच. फुगवलेल्या फुग्यावर उडवला तर फुगा फटकन फुटतो, कारण लिमोनीन रबराला मऊ करतं. झाडाने सालीच्या बारीक पिशव्यांत हे तेल साठवलं ते किडीला आणि बुरशीला लांब ठेवायला. आपल्या कांतीचा विचार त्यात कुठेच नव्हता.

त्वचेलाही स्वतःचं वंगण असतं. निव्वळ तेलाचे थेंब रोज चोळले तर तेही निघून जातं, मग त्वचा कोरडी पडते, चुरचुरते. त्यातून बाटली जुनी झाली, झाकण उघडं राहिलं, की हवेशी संयोग होऊन लिमोनीनमधून ॲलर्जी आणणारी द्रव्यं तयार होतात. म्हणूनच युरोपात अंगावर राहणाऱ्या क्रीममध्ये ०.००१ टक्क्याहून जास्त लिमोनीन असेल तर लेबलावर त्याचं नाव छापावं लागतं. धुऊन टाकायच्या साबणाला ही अट दहापट सैल आहे. लिंबाचं पिळून काढलेलं तेल तर आणखी खोडसाळ. ते लावून उन्हात गेलं तर त्वचा भाजल्यासारखी होते आणि डाग महिनोन्महिने हटत नाहीत. दुपारच्या पाळीला बाईकवरून निघणाऱ्याने ते चेहऱ्याला लावूच नये.

आपल्याकडे संत्र्याची साल अंगाला लागत आली ती दिवाळीच्या उटण्यातून. वाळताना तिच्यातलं बरंचसं तेल उडालेलं. जोडीला आंबेहळद, नागरमोथा, कचोरा, म्हणजे सालीचा वाटा चिमटीएवढा. अंगात आधी तीळतेल जिरवलेलं, उटण्यावर लगेच कढत पाणी, आणि हा सगळा थाट वर्षातून चार दिवस. प्रमाण आपोआपच सांभाळलं जायचं. आता वरूड-मोर्शीची संत्री ज्यूस सेंटरवर पिळली जातात, साली घंटागाडीत जातात आणि त्याच सालीचं तेल आपण बाटलीतून विकत आणतो. असो.

हौस असेल त्याने चमचाभर खोबरेलात एकच थेंब मिसळावा. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक-दोन दिवस वाट पाहावी, मग रात्री चेहऱ्याला लावावं. आणि वर्षभर कपाटात पडून राहिलेली बाटली? ती चेहऱ्यासाठी बाद. पण नव्या स्टीलच्या डब्यावरचं स्टिकर काढल्यावर जो चिकटा राहतो, तो या तेलाने छान निघतो. कापसाचा बोळा भिजवून घासा, हाताला लागू देऊ नका आणि गॅसपासून लांब बसा. हे तेल पेट घेतं.