विजेत्याने उघडे ठेवलेले दार

वसईच्या किल्ल्यातील भग्न प्रार्थनामंदिरे पाहायला येणारे पाहुणे वेढ्याच्या कथा आवडीने ऐकतात. सुरुंग, तटाला पडलेली खिंडारे, सेबॅस्टियन बुरुजावरची झुंज यांत ते रंगून जातात. मला मात्र तेथे एका कागदाची आठवण होते. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पा आणि पोर्तुगीज अधिकारी यांच्यात शरणागतीचा करार झाला, तो हा कागद. शिबंदीने शस्त्रांसह, निशाणे फडकावीत आणि नगारे वाजवीत बाहेर पडावे, कुटुंबांनी आपली चीजवस्तू न्यावी, यासाठी आठ दिवसांची मुदत असावी आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रहिवाशांना उपासनेचे स्वातंत्र्य असावे, असे त्यात ठरले. मराठ्यांच्याच कबुलीप्रमाणे या वेढ्यात त्यांची ५००० हून अधिक माणसे मृत वा जखमी झाली होती. इतके रक्त सांडल्यावर शत्रूला सन्मानाने जाऊ द्यायचे, ही दया होती की व्यवहार?

व्यवहाराची कारणे उघड आहेत. पावसाळा तोंडावर आला होता. त्याच वर्षी नादिरशहाने दिल्लीत कत्तल केली होती आणि उत्तरेकडे फौजेची निकड होती. शिवाय युद्धशास्त्राचाही एक जुना सिद्धांत आहे. वेढलेल्या शत्रूला एक वाट मोकळी ठेवावी, असे चीनचा सुन त्झू सांगतो, कारण ज्याला वाटच उरत नाही तो मरेपर्यंत लढतो. क्लाउझेविट्झने डावपेच आणि युद्धनीती यांत भेद केला. डावपेचांनी लढाई जिंकता येते; त्या लढाईचा उपयोग कोणत्या साध्यासाठी करायचा, हे युद्धनीती ठरवते. साध्य हाती आल्यावरही जो मारीत राहतो, त्याच्यापाशी केवळ डावपेच उरलेले असतात.

याउलट उदाहरण आपल्याच युगातले आहे. जानेवारी १९४३ मध्ये कासाब्लांका येथे रुझवेल्ट यांनी बिनशर्त शरणागतीची मागणी जाहीर केली. हिटलरच्या राजवटीशी तडजोड कसली, हा प्रश्न रास्तच होता. परंतु राजवट नष्ट करणे वेगळे आणि एका राष्ट्राला कोणतीच अट मांडू न देणे वेगळे. जुलै १९४५ च्या पॉट्सडॅम जाहीरनाम्यात जपानच्या सम्राटाच्या भवितव्याविषयी अक्षरही नव्हते. ९ ऑगस्टला नागासाकीवर बॉम्ब पडला आणि उराकामीचे कॅथीड्रल आतल्या भाविकांसह कोसळले. पुढे सम्राट सिंहासनावर राहिलाच! कॅथलिक तत्त्वज्ञ एलिझाबेथ अ‍ॅन्स्कम यांनी १९५६ मध्ये ट्रुमन यांना ऑक्सफर्डची सन्माननीय पदवी देण्यास विरोध केला, तेव्हा या बिनशर्त शरणागतीच्या हट्टातच त्यांना अनर्थाचे मूळ दिसले.

संत थॉमस अक्विनास यांनी न्याय्य युद्धासाठी अधिकृत सत्ता, न्याय्य कारण आणि शुद्ध हेतू अशा तीन अटी घातल्या. पहिल्या दोन अटी युद्धाच्या आरंभीच तपासता येतात. तिसरीची खरी परीक्षा मात्र विजयाच्या क्षणी होते, असे मला वाटते. सेनापती बोनिफेस यांना लिहिलेल्या पत्रात संत ऑगस्टीन बजावतात की युद्ध शांतीसाठी असते आणि पराभूताला दया मिळालीच पाहिजे. शत्रू पायाशी पडला असता ज्याला थांबता येत नाही, त्याला शांती हवी होती असे कसे म्हणावे?

मग दया फायद्याची ठरली, तर ती दया उरत नाही काय? मला तसे वाटत नाही. पाऊस पिकाच्या उपयोगी पडतो म्हणून तो कृपा असायचा थांबत नाही. चिमाजी अप्पांच्या अंतःकरणात काय होते, हे परमेश्वर जाणे. पण ज्यांचे सोबती खिंडारात पडले होते, त्या सैनिकांनी समोरून नगारे वाजवीत जाणारा शत्रू पाहिला आणि हात आवरले. त्या क्षणी त्यांना फायद्याचा हिशेब पुरला असेल काय? सूड गिळावाच लागला असेल.

भावाभावांचे जमिनीचे तंटे मिटवताना मी हा कागद आठवतो. निकाल ज्याच्या बाजूने लागतो, त्याला मी एकच विचारतो, ‘तुझ्या भावाला मान वर करून बाहेर पडता येईल, असे एखादे दार तू ठेवले आहेस ना?’