शंकासमाधान : निरपेक्षता कोणाची, समभाव कोणाचा?

शंका : धर्मनिरपेक्षता म्हणजेच सर्वधर्मसमभाव ना?

समाधान : भाषणांतून हे दोन शब्द जोडीने येतात, म्हणून तसे वाटते. धर्मनिरपेक्षता हे राज्यावरचे बंधन आहे. समभाव ही माणसाच्या वागण्यातली गोष्ट. राज्याला श्रद्धा नसते, त्यामुळे त्याच्याकडून भक्तिभावाची अपेक्षाच नाही. कोणताही धर्म आपला मानू नये आणि नियम सर्वांना सारखा लावावा, एवढेच त्याचे काम. संविधानाच्या उद्देशिकेत ‘धर्मनिरपेक्ष’ हा शब्द १९७६ साली ४२ व्या दुरुस्तीने आला. त्यावरून ही कल्पनाच मागून चिकटवलेली आहे, असे सांगितले जाते. पण धर्मस्वातंत्र्याचे अनुच्छेद २५ ते २८ मूळ संविधानातलेच आहेत, आणि १९९४ च्या बोम्मई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने धर्मनिरपेक्षता हा संविधानाच्या मूलभूत चौकटीचा भाग मानला. ‘धर्मनिरपेक्ष’ऐवजी सर्रास वापरला जाणारा ‘निधर्मी’ हा शब्द उद्देशिकेत नाही. हिंदी पाठात ‘पंथनिरपेक्ष’ आहे, मराठीत ‘धर्मनिरपेक्ष’. मराठीत या विषयावर जेवढा गैरसमज आहे, त्यातला बराचसा त्या ‘निधर्मी’ने केला आहे.

‘समभावा’ची कथा वेगळी. १९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजी आश्रमवासीयांना दर मंगळवारी एकेका व्रतावर पत्र लिहीत. इतर धर्मांविषयीच्या व्रताला नाव काय द्यावे, यावर ते अडले. ‘सहिष्णुता’ हा शब्द त्यांना पसंत नव्हता. सहन करायचे म्हणजे समोरचे कमअस्सल आहे, हे आधीच गृहीत धरले जाते. तेव्हा त्यांच्यासोबत तुरुंगात असलेले, साताऱ्यात जन्मलेले काकासाहेब कालेलकर यांनी ‘आदर’ सुचवला. त्यातही मेहेरबानीचा वास आहे, असे गांधीजींना वाटले. शेवटी ‘समभाव’ ठरला. आज ‘आम्ही त्यांना सांभाळून घेतो’ असे अभिमानाने सांगितले जाते, तेव्हा बोलणारा या तीन पायऱ्यांपैकी पहिलीवरच उभा असतो.

शंका : सगळे धर्म सारखेच खरे मानले, तर स्वतःच्या धर्मावरची श्रद्धा ढिली पडणार नाही का?

समाधान : सारखेच खरे माना, अशी अट कोणी घातलेली नाही. जैन आणि बौद्ध विचारात जग निर्माण करणारा ईश्वर नाही. इस्लाममध्ये त्याच्याशिवाय दुसरा कोणी पूज्य नाही. येशू ख्रिस्ती माणसाला देवाचा पुत्र, मुसलमानाला पैगंबर. हे भेद खरे आहेत, आणि ‘सगळे धर्म शेवटी एकच सांगतात’ हे वाक्य बहुधा दुसऱ्याचा ग्रंथ न उघडताच म्हटले जाते. समभाव मतांचा नाही, ती बाळगणाऱ्या माणसांचा. जोतीराव फुल्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त (१८९१) हे घरातच आणून दाखवले आहे. त्यांच्या कल्पनेतल्या कुटुंबात बाई बौद्ध होते, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी, आणि तरीही सगळे एकमेकांशी प्रेमाने राहतात. कोणाचीही श्रद्धा पातळ करावी, असे फुले सुचवत नाहीत. अशोकाचा गिरनारचा बारावा शिलालेख याहून दोन हजारांहून अधिक वर्षांनी जुना, पण रोख तोच. आपल्या पंथाची थोरवी गाण्याच्या भरात दुसऱ्याला खाली ओढणारा स्वतःच्या पंथाचेच नुकसान करतो, असे त्यात बजावले आहे.

शंका : शेजारच्या घरून प्रसाद आला, किंवा ईदचा शीरखुर्मा आला, आणि तो घेता येत नसेल तर? नाही म्हटले की अपमान होतो.

समाधान : दारात ताट येते, वर विणलेला रुमाल असतो, आणि घेणाऱ्याची क्षणभर पंचाईत होते. याचे उत्तर मराठी घरात रोज बोलले जाते : ‘चालत नाही.’ चतुर्थीला जेवण चालत नाही, चातुर्मासात कांदा-लसूण चालत नाही, जैन घरात सूर्यास्तानंतर काहीच चालत नाही. मूर्तीपुढे ठेवलेला नैवेद्य अनेक मुसलमानांना चालत नाही. ख्रिस्ती माणसाचा हा पेच तर पहिल्या शतकातला. संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात त्याची लांबलचक चर्चा केली आहे. तेव्हा संकोचाचे कारण नाही. ‘रोजा आहे, संध्याकाळी खाईन’, ‘नैवेद्याचे चालत नाही, फराळातली चकली घेतो’ असे सरळ सांगितले तर शेजार तुटत नाही. ताट मुकाट्याने ठेवून घेऊन नंतर मोलकरणीला देणे हे मात्र नकारापेक्षा वाईट. पुढच्या सणाला तेच ताट पुन्हा येते आणि खोटेपणाही पुन्हा करावा लागतो.

फरक बघायचा तो एका ठिकाणी. ‘आमच्यात चालत नाही’ हे वाक्य पदार्थापुरते आहे की आणणाऱ्याच्या हातापुरते? तीच चकली हलवायाकडची चालते आणि शेजारणीच्या हातची चालत नाही, तर तिथे आहारनियम संपला आणि विटाळ सुरू झाला. तो विटाळ जातीवरून असेल तर संविधानाच्या अनुच्छेद १७ ने तो बंद केला आहे. धर्मावरून असेल तर तेवढा थेट अनुच्छेद नाही, पण विटाळाला आहारनियम म्हणता येत नाही.

शंका : कार्यालयातली पूजा, शाळेतली प्रार्थना, हे धर्मनिरपेक्षतेत बसते का?

समाधान : शाळेपुरते उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट आहे. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही (अनुच्छेद २८). धर्मांविषयी माहिती देणे वेगळे. त्याला आडकाठी नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली म्हटले. सहामाहीच्या पेपरात रमजानवर प्रश्न आला म्हणून शाळेचे धर्मांतर होत नाही.

कार्यालयातल्या पूजेची गोष्ट वर्गणीच्या यादीत कळते. यादी फिरते, वर पहिले नाव साहेबांचे, पुढे आकडा. खाली सही करणाऱ्या शिपायाला ‘ऐच्छिक’ या शब्दाचा अर्थ नीट समजलेला असतो. पूजा करणाऱ्यांची श्रद्धा खरी असेल. खुर्चीचे वजन तिच्या मागे लावले की ती पूजा राज्याची दिसू लागते.

शंका : भोंग्यांचे काय?

समाधान : इथे धर्म बाजूला ठेवून घड्याळ बघावे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस, सणासमारंभासाठी, ही मुदत मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकते. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. अजान, काकडआरती, गणपतीची मिरवणूक आणि वराती यांना हाच नियम. शेजाऱ्याच्या भोंग्याची तक्रार करणाऱ्याने आपल्या मंडळाचा आवाजही त्याच यंत्राने मोजून घ्यावा.

शंका : मुलगा-मुलगी वेगळ्या धर्माची आहेत. एकाने धर्म बदलल्याशिवाय लग्न होणार नाही, असे दोन्ही घरे म्हणतात.

समाधान : दोन्ही घरांची माहिती अपुरी आहे. विशेष विवाह अधिनियम १९५४ पासून आहे. मुलाचे वय २१ व मुलीचे १८ पूर्ण असावे, दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात ३० दिवस वास्तव्य असावे. विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, ३० दिवस थांबायचे, तीन साक्षीदारांसह सह्या करायच्या. कागदपत्रांत धर्मांतराचा दाखला कुठेही लागत नाही.