दगडावरचे नाव, वहीतले नाव



मध्यंतरी आपल्या धर्मग्रामातील एक गृहस्थ कार्यालयात आले. मुलीचे लग्न ठरत होते. मुलाकडच्या मंडळींनी घराण्याची चौकशी केली होती, म्हणून त्यांना आजोबांच्या स्नानसंस्काराची नोंद हवी होती. जुनी वही आपल्याकडे नाही, ती मूळ धर्मग्रामात आहे. तेथून नक्कल मागवली. ती वाचून ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग हलक्या आवाजात म्हणाले, "फादर, एवढी एक ओळ सोडून दाखला देता येईल का?" त्या ओळीत आजोबांचे आधीचे नाव, गाव आणि जात लिहिली होती.

मी त्यांना रविवारपर्यंत थांबायला सांगितले. खरे तर तेव्हाच "नाही" म्हणायला हवे होते. पण समोरचा माणूस मुलीचा बाप होता.

त्याच आठवड्यात एका आजारी व्यक्तीला भेटायला पुण्याला ससूनमध्ये गेलो. भोर-वेल्ह्यातून एस.टी.ने ससूनला गेला नाही असा माणूस आपल्यात क्वचितच सापडेल. पण हा ससून कोण, असे आपण कधी विचारतो का? डेव्हिड ससून हे बगदादचे यहुदी. तेथील सुभेदाराच्या जाचामुळे त्यांना देश सोडावा लागला आणि 1832 च्या सुमारास ते मुंबईला आले. पुढे व्यापारात त्यांनी अफाट पैसा मिळवला (त्यात अफूच्या व्यापाराचा पैसाही होता, हे लपवण्यात अर्थ नाही) आणि बराच दानही केला. 1864 मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. कॅम्पातील ज्या सभास्थानाला पुणेकर 'लाल देऊळ' म्हणतात, त्याच्या आवारात त्यांची कबर आहे. ते सभास्थान आणि ते रुग्णालय, दोन्हींचे काम त्यांच्या मागे 1867 मध्ये पुरे झाले.

ससूनसारख्या धनवानाची कबर शोधावी लागत नाही. शोधावी लागते ती गरिबाची. आपल्या वरंधा घाटाखाली, कोकणपट्टीत, बेने इस्राएल समाजाची गावोगाव वस्ती होती. त्यांची परंपरा सांगते की फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटले, त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि समुद्राने बाहेर टाकलेल्या बाकीच्यांना तेथेच मूठमाती दिली गेली. हे लोक तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी बैल सोडून ठेवत, म्हणून त्यांना 'शनवार तेली' म्हणत. भाषा मराठी, आडनावेही आपल्यासारखी: पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर. 1948 नंतर त्यांच्यापैकी बहुतेक जण इस्राएलला गेले. आता त्यांची नातवंडे-पतवंडे परत येतात आणि गवतात झाकलेल्या दफनभूमीत आपले माणूस शोधतात.

हा शोध कसा चालतो ते पाहण्यासारखे आहे. आडनाव गाव सांगते. दगडावर इब्री, मराठी आणि कधी इंग्रजी अक्षरे असतात. इब्री मजकुरात 'अमक्याचा पुत्र अमका' असे लिहिण्याची रीत आहे, त्यामुळे एक दगड वाचला की मागची एक पिढी हाती लागते. सन त्यांच्या पंचांगाचे असते. त्यातून 3760 वजा केले की आपला सन साधारण मिळतो. पण दगडावर शमुवेल असलेला माणूस सरकारी कागदात सामाजी असतो! मुंबईत 1796 मध्ये पहिले सभास्थान बांधणारे शमुवेल यहेज्केल दिवेकर मराठीत सामाजी हसाजी दिवेकर होते. मग सभास्थानाच्या वह्या, पलटणीची कागदपत्रे, शाळेचे रजिस्टर, तलाठ्याकडचे फेरफार आणि त्याआधीचे मोडीतले कागद. त्याच्याही मागे गेले की नवगावचे बिननावाचे उंचवटे उरतात.

कोणी विचारील, एवढा खटाटोप कशाला? मेलेल्याला त्याचे काय? सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचा असाच एक प्रश्न आम्हाला अभ्यासाला होता: वंशजांचे बरेवाईट मृतांपर्यंत पोहोचते का? पोहोचते, पण फार थोडे, असे त्याचे सावध उत्तर. यहुदी परंपरा वेगळ्या वाटेने जाते. मृताची सेवा ही 'सत्याची दया' आहे असे ती म्हणते, कारण त्याच्याकडून परतफेडीची आशाच नसते. आपला तोबित रात्री जीव धोक्यात घालून प्रेते पुरत होता, ते याच भावनेने.

पण संत पौल तिमथ्याला वंशावळींच्या नादी लागू नये असे बजावतो, तेही खरेच आहे. वंशावळीचे हत्यार होऊ शकते. बेने इस्राएलमध्येच 'गोरे' आणि 'काळे' असा भेद होता. ज्यांच्या पूर्वजांनी स्थानिक स्त्रियांशी संबंध केले असे मानले जाई, ते 'काळे'. त्यांच्याशी गोरे सोयरीक करीत नसत. आणि नियतीची गंमत बघा, हेच लोक इस्राएलला गेल्यावर 1962 मध्ये तेथील मुख्य धर्मगुरूंनी आदेश काढला की यांचे लग्न लावण्यापूर्वी यांच्या मागच्या पिढ्यांची चौकशी करा. गोरा काय नि काळा काय, सगळेच संशयित ठरले! त्यांनी निदर्शने केली, आणि 1964 मध्ये तेथील संसदेने त्यांना इतर यहुद्यांच्या बरोबरीचे ठरवले.

आपल्यात असले काही नाही, असे छातीठोकपणे म्हणू नका. सोयरीक जुळवताना "मूळचे कोण?" हा प्रश्न आपणही विचारतो, मिस्साहून परतताना वाटेतच विचारतो.

म्हणजे मुलाकडच्यांचा प्रश्न चुकीचा होता. पण म्हणून वहीतली ओळ चुकीची होते का? मत्तयाने येशूची वंशावळ लिहिली तेव्हा त्याला सोयीची नावे निवडता आली असती. त्याने तामार घेतली, वेश्या राहाब घेतली, परकी रूथ घेतली आणि उरियाच्या बायकोचाही उल्लेख केला. लाज वाटावी अशा या ओळी त्याने ठेवल्या. तारणाऱ्याचे रक्त शुद्ध होते असे त्याला सिद्ध करायचेच नव्हते.

उन्हाळ्यात भाटघरचे पाणी उतरले की वेळवंडचे कांबरेश्वराचे देऊळ वर येते, हे आपण पाहिले आहे. पाण्याखाली असताना ते नव्हते असे कोणी म्हणत नाही.

रविवारी मिस्सानंतर ते गृहस्थ थांबले. मी त्यांना सांगितले की दाखला पूर्ण मिळेल, नाहीतर मिळणार नाही. मुलाकडे कोणता कागद न्यायचा हा तुमचा अधिकार आहे, पण वहीतला आजोबा कापण्याचा अधिकार माझा नाही. मग मी विचारले, आजोबांना पुरले कुठे? त्यांना माहीत नव्हते. लाकडी क्रूस होता, एवढेच आठवत होते. त्यांनी दाखला घेतला. लग्नाचे काय झाले ते मी येथे लिहिणार नाही. तो त्यांच्या घरचा विषय आहे.

येत्या शनिवारी सकाळी सात वाजता दफनभूमीतले गवत काढायचे आहे. विळे, खराटे आणि पुसट अक्षरांसाठी काळा रंग आणावा. युवक मंडळाने दोनशे पानी वही आणली आहे. दगडावर दिसेल ते नाव दिसेल तसेच तिच्यात उतरवायचे आहे. ज्यांच्या कबरीवर दगड नाही त्यांची नावे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून आणावीत, आधीच्या नावांसकट.

आपला,
फादर