कासेगावची सून

अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात १९४१ साली एक मुलगी जन्मली. गेल ऑम्वेट तिचं नाव. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीचा अभ्यास करायला ती महाराष्ट्रात आली. प्रबंध पुरा झाला, १९७३ मध्ये बर्कली विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. परतीची वाट मोकळी होती. पण तिचा जीव इथल्या माणसांत गुंतला होता.

इथल्याच एका कार्यकर्त्याशी, भरत पाटणकरांशी, १९७६ मध्ये तिचं लग्न झालं आणि सांगली जिल्ह्यातलं कासेगाव तिचं सासर झालं.

सासूबाई इंदुताई. पोरवयातच घर सोडून स्वातंत्र्यलढ्यात उतरलेल्या, इंग्रजांना आव्हान देणाऱ्या प्रतिसरकारचं काम केलेल्या. दूरदेशीच्या सुनेला त्यांनी आपलं म्हटलं. खेड्यात सुनेसाठी पहिलं दार सासूनंच उघडावं लागतं. मग बाकीची दारं फार दिवस लोटलेली राहत नाहीत.

त्या भागात नवऱ्यानं टाकलेल्या बाया पुष्कळ होत्या. माहेरी भावजयीच्या हाताखाली राबायचं, आणि रेशनकार्ड मात्र स्वतःच्या नावाचं नाही. इंदुताईंनी या परित्यक्तांना एकत्र केलं. वेगळं रेशनकार्ड द्या, घराला जागा द्या, असं त्या मागू लागल्या. त्यांच्या लढ्यात ही सूनही उभी राहिली.

१९८३ मध्ये तिनं भारताचं नागरिकत्व घेतलं. पुढे नवऱ्याच्या सोबतीनं तुकोबांचे अभंग इंग्रजीत नेले. २५ ऑगस्ट २०२१ रोजी ती वारली, तीही कासेगावातच.

आम्हीही बाहेरून आलेलेच, धार-देवासकडची मराठी माणसं. १७२८ च्या सुमारास मराठा सरदार पवारांच्या मागोमाग आमचे लोक माळव्यात आले. पाठीशी फौज होती, सत्ता होती, तरी इथलं व्हायला पिढ्या लागल्या. गेल एकटी आली होती, म्हणून तिची गोष्ट मला मोठी वाटते. आलेला माणूस कुठला, हे एका प्रश्नात कळतं. तो कुणाच्या दुःखात उभा राहतो, हे कळायला वर्षं जावी लागतात. कासेगावनं तिला ती वर्षं दिली.

तुमच्या गल्लीत कुणी परमुलखातलं बिऱ्हाड थाटलं, तर त्यालाही तेवढा वेळ द्या.