रांग कशासाठी?

रांगेत उभे राहणे आपल्याला नवे नाही. रेशनच्या दुकानापुढे रॉकेलच्या डब्यांची रांग, नळावर हंड्या-कळशांची रांग, सरकारी दवाखान्यात केसपेपरसाठी रांग, अशा रांगांत आपल्या आईवडिलांचे कितीतरी तास गेले. त्या रांगांमागे गरज होती. पण ज्याला भूक लागलेली नाही, ज्याच्या घरी पाव-बिस्किटे आहेत, तो माणूस एका गोड पदार्थासाठी पहाटे उठून काही तास रांगेत उभा राहतो, तेव्हा त्या रांगेमागे काय असते? प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. पण रविवारच्या निवांत वेळी आपण त्याचा थोडा विचार करू या, कारण त्याचा संबंध बेकरीपेक्षा आपल्या मनाशी अधिक आहे.

न्यूयॉर्कच्या मॅनहटन बेटावर स्प्रिंग स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. तिथल्या आपल्या बेकरीत दोमिनिक आन्सेल या फ्रेंच कारागिराने १० मे २०१३ रोजी एक नवा पदार्थ विकायला ठेवला. त्याचे नाव 'क्रोनट'. क्रोसाँसारखे पापुद्रे आणि डोनटसारखा आकार. लोण्याचे थर देऊन पीठ लाटायचे, ते मुरू द्यायचे, गोल कापून तेलात तळायचे, आत क्रीम भरायचे आणि वरून साखरेचा लेप द्यायचा. या सगळ्याला तीन दिवस लागत. किंमत पाच डॉलर. थोड्याच दिवसांत बेकरी उघडण्याच्या कितीतरी आधीपासून लोक दाराशी रांग लावू लागले. माणशी दोनच देण्याचा नियम करावा लागला. मग हाच पदार्थ बाहेर कित्येक पट किमतीने विकला जाऊ लागला. पैसे घेऊन दुसऱ्याच्या वतीने रांगेत उभी राहणारी माणसेही पुढे आली.

हे काही पहिल्यांदा घडले नव्हते. त्याआधी त्याच शहरात कपकेकची लाट येऊन गेली होती. ब्लीकर स्ट्रीटवरील एक छोटी बेकरी २००० साली एका दूरदर्शन मालिकेत दिसली आणि तिच्या दाराशी रांगा लागल्या. पाहता पाहता कपकेकची दुकाने गावोगाव निघाली. त्यांतल्या 'क्रम्ब्स' या मोठ्या कंपनीने जुलै २०१४मध्ये आपली सगळी दुकाने एकदम बंद केली. २०२४ साली दुबईच्या पिस्ता-कुनाफा चॉकलेटने जगभर असेच वेड लावले. आज ज्याच्यासाठी जीव टाकायचा, त्याला उद्या कोणी विचारत नाही.

यात त्या बेकरचा दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. तीन दिवस खपून, मन लावून केलेला पदार्थ हे प्रामाणिक श्रमाचे फळ आहे. चवीने खाणे हेही पाप नाही. काना गावच्या लग्नात प्रभू येशूने पाण्याचा द्राक्षारस केला, तोही उत्तम प्रतीचा. जकातदारांच्या पंगतीला बसल्याबद्दल विरोधकांनी त्याला खादाडही म्हटले. नाताळात आपल्या घरी केक, नेवऱ्या होतात, शेजारी वाटल्या जातात, तेव्हा त्या गोडव्यात देवाचेच आभार असतात. मग अडचण कुठे आहे?

ख्रिस्तसभा सात प्रमुख पापांत खादाडपणा मोजते. आपण खादाडपणा म्हटले की ताटावरचा ढीग डोळ्यांपुढे आणतो. पण सहाव्या शतकातील पोप थोर संत ग्रेगरी यांनी त्याचे पाच प्रकार सांगितले, आणि तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी ते आपल्या विवेचनात घेतले. वेळेआधी खाणे, फार महागाचे खाणे, अति खाणे, अधाशीपणे खाणे आणि पदार्थ अमुकच हवा, असाच केलेला हवा, असा सोस धरणे. म्हणजे पाचांपैकी एकच प्रकार पोटाच्या मापाचा आहे. बाकीचे मनाचे आहेत. एखादा माणूस दिवसभरात एकच तुकडा खाईल, आणि तरीही त्याचा सारा दिवस त्या तुकड्याने खाल्लेला असेल.

शिवाय हा सोस मुळात आपला असतो का? रने जिरार (१९२३–२०१५) या फ्रेंच कॅथलिक विचारवंताने आयुष्यभर याच प्रश्नाचा पाठपुरावा केला. त्यांचे म्हणणे असे की, माणसाला काय हवे ते तो बहुतेक वेळा दुसऱ्याकडे पाहून ठरवतो. घरात दहा खेळणी पडलेली असतात. एका मुलाने त्यांतले एक उचलले की दुसऱ्याला नेमके तेच हवे होते. मोठेपणी खेळणी बदलतात, एवढेच. लांबलचक रांग पाहून आपण म्हणतो, 'काहीतरी खास असणार', आणि पदार्थाचे नावही माहीत नसताना शेवटी जाऊन उभे राहतो. जिरार दहाव्या आज्ञेकडे लक्ष वेधतात. त्या आज्ञेत वस्तूंची यादी आहे, घर आहे, बैल आहे, गाढव आहे, पण यादी संपता संपता आज्ञा 'शेजाऱ्याचे जे काही असेल ते' एवढ्यावर येते. लोभ वस्तूचा वाटतो, पण त्याचे मूळ शेजाऱ्याकडे लागलेल्या आपल्या डोळ्यांत असते.

कोणी म्हणेल, 'पैसा माझा, वेळ माझा, मी रांगेत उभा राहिलो तर कोणाचे काय गेले?' या प्रश्नाला उत्तर द्यायला हवे. साध्या रांगेत एक न्याय असतो. आधी येईल त्याला आधी मिळेल, मग तो साहेब असो की शिपाई. पण रांगेतली जागाच विकत मिळू लागली की तो न्याय संपतो. ज्याच्याकडे पैसा आहे तो झोपून राहतो आणि गरजू माणूस त्याच्यासाठी थंडीत उभा राहतो. करिंथच्या मंडळीत असाच प्रकार घडला होता. प्रभुभोजनासाठी जमल्यावर काही जण आधीच भरपेट खाऊन घेत आणि गरीब उपाशी राहत. संत पौलाने त्यांना कडक शब्दांत सुनावले. त्याची तक्रार अन्नाबद्दल नव्हती. शेजारी उपाशी बसलेला भाऊ त्यांना दिसत नव्हता, ही त्याची तक्रार होती.

त्याच मॅनहटन बेटावर पश्चिम ३१व्या रस्त्यावर असिसीच्या संत फ्रान्सिसचे चर्च आहे. १९३०च्या सुमारास, महामंदीत हजारो लोकांचे काम गेले असताना, तिथल्या फ्रान्सिस्कन बंधूंनी रोज सकाळी भुकेल्यांना पाव आणि कॉफी द्यायला सुरुवात केली. नव्वदहून अधिक वर्षे ही सेवा चालली आहे. म्हणजे २०१३च्या त्या उन्हाळ्यात एकाच बेटावर सकाळच्या वेळी पिठाच्या पदार्थासाठी दोन रांगा लागत होत्या. एका रांगेतल्या माणसांना आपण तिथे आहोत हे सगळ्यांना दाखवायचे होते. दुसऱ्या रांगेत, आपल्याला इथे कोणी ओळखीचे पाहू नये, असे वाटणारेही असतील. पहिली रांग जगभरच्या वर्तमानपत्रांत आली. दुसरीला लांबून पाहायला कोण जातो?

बंधुभगिनींनो, आपल्या विचाराचा मुद्दा इथे आहे. पहिल्या रांगेत उभे राहणे हे काही मोठे पाप नव्हे. पण आपला वेळ आणि आपली ओढ यांना मर्यादा आहे. ती सगळी एकाच दिशेला वाहिली तर दुसऱ्या दिशेला काही उरत नाही. नव्या पदार्थासाठी तीन तास देणाऱ्याला आजारी शेजाऱ्यासाठी अर्धा तास मिळत नसेल, तर हिशेब कुठेतरी चुकला आहे. घरातील तरुण मुलांनी अशा रांगांचे वेड घेतले तर त्यांच्यावर ओरडून उपयोग नाही. त्यांना एवढेच विचारू या की, याचा फोटो कोणालाच दाखवता येणार नसता, तर हे तुला इतकेच हवे वाटले असते का? आणि हा प्रश्न आपण मोठ्यांनीही स्वतःला विचारू या, मग तो मोबाइलबद्दल असो, गाडीबद्दल असो की लग्नाच्या जेवणावळीबद्दल.

दुसऱ्याकडे पाहून हवे वाटणे हा माणसाचा स्वभाव आहे. देवाने तो उगाच दिलेला नाही. १५२१ साली जखमी होऊन लोयोलाच्या वाड्यात पडून असलेल्या इग्नेशियसने संतांची चरित्रे वाचली आणि त्याच्या मनात आले की, फ्रान्सिसने आणि डॉमिनिकने केले ते मी का करू नये? ओढ तशीच होती, नजर मात्र दुसरीकडे वळली, आणि ख्रिस्तसभेला एक संत मिळाला. आपली नजर कोणाकडे लागली आहे, हे पाहायला हवे.

भाकरी खाऊन तृप्त झालेला जमाव दुसऱ्या दिवशी येशूला शोधत सरोवरापलीकडे कफर्णहूमला गेला. येशूने त्यांच्या भुकेला नावे ठेवली नाहीत, त्यानेच तर त्यांना जेवू घातले होते. पण तुम्ही मला नेमके कशासाठी शोधता, हे त्याने त्यांच्यापुढे मांडले (योहान, अध्याय ६). प्रभूच्या प्रार्थनेतही त्याने आपल्याला भाकर मागायला शिकवले ती रोजची, आणि एकट्यासाठी नाही, सगळ्यांसाठी.

आज मिस्सामध्ये आपणही रांगेत उभे राहू. जे मिळणार आहे ते दिसायला अगदी साधे आहे. नुसते गव्हाचे पीठ आणि पाणी, त्यात मीठ-साखरसुद्धा नाही. कोणाला दोन मिळत नाहीत आणि पैसे देऊन आपल्या जागी दुसऱ्याला उभे करता येत नाही. पुढे डॉक्टर असेल, मागे भाजी विकणारी बाई असेल. त्या रांगेतून जागेवर परत येताना, ज्याच्या घरी आज चूल पेटली नसेल अशा एका तरी माणसाची आठवण करू या, आणि या आठवड्यात त्याच्या दाराशी जाऊ या.