परदेशी गेलेल्या मुलांना मित्र कोण देणार?



मागच्या महिन्यात रविवारची दुसरी मिस्सा आटोपल्यावर एक माऊली आमच्या ऑफिसात आल्या. मुलगा कॅनडात, टोरोंटोजवळ. जाऊन दीड वर्ष झाले. नोकरी लागली आहे, पैसे येतात, घराच्या कर्जाचे हप्ते वेळेवर जातात. त्यांना मुलासाठी मिस्सा ठेवायची होती. हेतू काय लिहू, असे विचारले तेव्हा डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "फादर, त्याला तिथं एक तरी मित्र मिळू दे."

आजारपण, परीक्षा, व्हिसा, मूलबाळ, मृतांच्या आत्म्यास शांती, असे हेतू आम्ही वहीत रोज लिहितो. मित्रासाठी मिस्सा आम्ही पहिल्यांदाच लिहिली.

आपल्या वसईत मैत्री कोणी करत नाही, ती असतेच. एका आळीत जन्मलो, एका बावखलात पोहायला शिकलो, धर्मशिक्षणाच्या वर्गात एका बाकावर बसलो, मे महिन्यात क्रुसाजवळ एकत्र रोझरी म्हटली. "तू माझा मित्र होशील का?" असे आपल्यापैकी कोणी कोणाला विचारल्याचे आठवते का? म्हणून बॅगेत मसाला आणि सुकेळी भरून विमानतळावर उतरणाऱ्या आपल्या मुलाला इंग्रजी येते, कॉम्प्युटर येतो, मैत्री करणे मात्र येत नाही. ते कधी करावेच लागले नव्हते. यात त्याचा दोष नाही, आणि तिथल्या लोकांचाही नाही.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचा नीतिशास्त्रावरचा ग्रंथ आम्हांला अभ्यासाला होता. त्याच्या दहा भागांपैकी दोन भाग केवळ मैत्रीवर आहेत. इतके मैत्रीवर कशाला, असे तेव्हा वाटे. पुढे लक्षात आले की हा थोर माणूस अथेन्सचा नव्हता. सतराव्या वर्षी उत्तरेकडच्या स्टॅगिरा गावाहून तो तिथे शिकायला आला. अथेन्समध्ये इतकी वर्षे काढून, शाळा चालवूनही तो कायद्याने परकाच राहिला. परक्याला तिथे स्वतःच्या नावावर जमीनही घेता येत नसे. मैत्रीचे मोल त्याला कळले यात नवल नाही. तो म्हणतो, काही मैत्री कामापुरती असते, काही करमणुकीपुरती, आणि काही त्या माणसाच्या चांगुलपणासाठी. ही तिसरी मैत्री हवी असे पटकन वाटते, पण ती पटकन होत नाही. ठरावीक मीठ एकत्र खाल्ल्याशिवाय माणसे एकमेकांना ओळखत नाहीत, ही त्याच्या काळची म्हण तो देतो. खाल्ल्या मिठाला जागणारे आपण, आपल्याला हे निराळे सांगायला नको.

आजकालच्या अभ्यासकांनी हे मीठ मोजूनही पाहिले आहे. अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठाचे प्राध्यापक जेफ्री हॉल यांनी २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. नुकतेच नव्या गावी राहायला गेलेल्या लोकांना त्यांनी प्रश्न विचारले होते. नुसती ओळख साध्या मैत्रीपर्यंत यायला पन्नासएक तास, मित्र म्हणावे इतके व्हायला नव्वद, आणि जिवलग व्हायला दोनशेहून अधिक तास लागतात असा त्यांचा अंदाज निघाला. कामावर शेजारी बसून काढलेले तास त्यात फारसे उपयोगी पडत नाहीत. आता हिशेब करा. आठवड्याला दोन तास धरले तरी दोनशे तासांना जवळजवळ दोन वर्षे. दीड वर्षात जिवलग मित्र झाला नाही म्हणून मुलाने स्वतःला नालायक समजू नये. मात्र ते तास कुठेतरी सुरू झाले पाहिजेत.

संत पौलाचे पाहा. करिंथ शहरात तो एकटाच आला, ओळखीचे कोणी नाही. तिथे त्याला अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला हे जोडपे भेटले. अक्विल्ला मूळचा काळ्या समुद्राकाठच्या पंत प्रांतातला, पण राहायला रोममध्ये. क्लौद्य बादशहाने यहुद्यांना रोममधून हाकलले म्हणून ती दोघे करिंथला आली होती. म्हणजे तिघेही उपरे. तिघांचाही धंदा एक, तंबू बनवण्याचा. पौल त्यांच्या घरी राहिला, त्यांच्याबरोबर काम करू लागला. प्रेषितांच्या कृत्यांत हे दोन-तीन ओळींत आटोपले आहे. परंतु पौल करिंथात दीड वर्ष होता हेही तिथेच दिले आहे. पुढे रोमकरांस लिहिताना तो म्हणतो की या दोघांनी आपल्यासाठी स्वतःचा जीव धोक्यात घातला. एका घरात राहून तंबू शिवताना सुरू झालेली ओळख कुठवर गेली!

आम्ही एका उन्हाळ्यात जर्मनीतील एका धर्मग्रामात सहा आठवडे बदली धर्मगुरू म्हणून होतो. भाषा मोडकीतोडकी. पहिले दोन रविवार लोक हात मिळवून, हसून निघून जात. संध्याकाळी मोठ्या घरात आम्ही एकटे. (एवढे प्रवचन देणारा धर्मगुरू रात्री नऊला भिंतीकडे बघत बसतो, हे येथे कबूल करायला हरकत नाही.) मग धर्मग्रामाचा सण आला. स्वयंपाकघरात म्हाताऱ्या बायका बटाटे सोलत होत्या. आम्हीही सुरी घेऊन बसलो. त्यांना हसू आले, कारण आमची साल फार जाड निघत होती. त्या दिवसापासून गावात आम्हांला नाव मिळाले.

म्हणून परदेशी असलेल्या मुलामुलींना आमचे सांगणे आहे की चर्चला जाता तसे कामालाही जा. गायनमंडळ, खुर्च्या मांडणे, गरिबांना अन्न वाटणे, जे असेल ते. कुवेतसारख्या ठिकाणी रविवार कामाचा दिवस असल्याने आपली मंडळी शुक्रवारी मिस्सेला जमतात. एका खोलीत चौघे-पाच जण राहतात, सोबतीची वाण नसते. पण उद्या परत जायचेच आहे म्हणून तिथे जीव लावायला माणूस कचरतो. यिर्मयाने बाबेलात नेलेल्या लोकांना पत्र लिहून घरे बांधा, मळे लावा, त्या शहरासाठी प्रार्थना करा, असे कळवले होते, तेही परतीचे वचन देऊनच. आपल्या गावकऱ्यांची मंडळे परदेशात आहेत, ती चांगली आहेत, अडीनडीला धावतात. मात्र दहा वर्षे तिथे राहून शेजारच्या फिलिपिनो कुटुंबाच्या घरचे पाणीही आपण प्यायलो नसू, तर आपण वसई सोडली कधी?

आणि इथे आपले काय? केरळहून, झारखंडहून आलेली कुटुंबे नव्या इमारतींतून आपल्या चर्चला येतात, मागच्या बाकांवर बसतात आणि शेवटच्या गीताबरोबर रिक्षा पकडतात. आपण बाहेर ग्रोटोजवळ आपापल्या गावचे गोल करून उभे राहतो. त्यांतील एका कुटुंबाला आम्ही तीन वर्षे ख्रिस्तप्रसाद दिला, आणि त्यांचे नाव आम्हांला गेल्या पावसाळ्यात कळले, तेही घरात आजारपण आले तेव्हा. टोरोंटोतही असेच गोल असणार, आणि आपला मुलगा त्या गोलांच्या बाहेर उभा असणार.

फिबी किंख्रियाहून रोमला निघाली तेव्हा पौलाने तिच्यासाठी चार शब्द लिहिले, हिला आपली समजून घ्या म्हणून. बाप्तिस्म्याचा दाखला न्यायला ऑफिसात येता, तेव्हा आम्हांलाही सांगा. तिथल्या धर्मगुरूंच्या नावे एक पत्र आम्ही देऊ.

त्या माऊलीला आम्ही विचारले होते, "बाय, मिस्सेनंतर तो काय करतो?"

"तिथं हॉलमध्ये कॉफी असते म्हणतो. पण तो थांबत नाही, धावत घरी येतो. मी बरोबर नऊला फोन करते ना!"

आम्ही हिशेब केला. आपल्याकडे रात्रीचे नऊ म्हणजे सध्या तिथे रविवारी सकाळचे साडेअकरा, साडेदहाची मिस्सा सुटण्याची वेळ. आम्ही म्हटले, "साडेदहाला करा."

"एवढा वेळ मी जागी राहत नाही, फादर," असे म्हणून त्या जरा नाराजीनेच गेल्या.

दोन आठवड्यांनी, सोमवारी सकाळच्या मिस्सेनंतर त्या पायरीवर थांबल्या होत्या. म्हणाल्या, "काल साडेदहाला केला. उचलला नाही. अकराला त्याचाच आला. हॉलमधल्या खुर्च्या उचलत होता म्हणे."

– आपले प्रमुख धर्मगुरू