दैव कुठे थांबते?

तान्हे मूल दगावले की घरातली वडीलधारी माणसे आईची समजूत घालतात: तेवढेच आयुष्य घेऊन आले होते, आपण काय करणार. हे बोलणे मायेचे असते, पण त्यात एक दावाही असतो. आयुष्याची दोरी जन्मतःच मापून मिळते, ती लांबवणे माणसाच्या हाती नाही, असा तो दावा. श्रद्धेचा विषय म्हणून त्याला हात लावू नये असे पुष्कळांना वाटते. दुसरीकडे विज्ञान मानणारे त्याला अंधश्रद्धा म्हणून मोकळे होतात. दोन्हीकडून खरा प्रश्न बाजूलाच राहतो. दैव आहे की नाही, हा वाद कदाचित कधीच मिटणार नाही. दैवाची हद्द कुठवर, हे मात्र तपासता येते, आणि रोगांची जोखीम अभ्यासणाऱ्या सार्वजनिक आरोग्यशास्त्राने ते तपासले आहे. माझे म्हणणे असे की, एखाद्या प्रकारचे मृत्यू टाळता येतात हे एकदा कळले की ते दैवाच्या खात्यातून निघून समाजाच्या खात्यात जमा होतात. ते टाळणे ज्यांच्या हाती होते, त्यांना मग दैवाकडे बोट दाखवण्याचा अधिकार उरत नाही.

हा विचार आपल्या परंपरेला परका नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानातला तिसरा अध्याय जनपदोद्ध्वंसाचा, म्हणजे मुलुखच्या मुलूख ओस पाडणाऱ्या साथींचा आहे. पांचाल देशात काम्पिल्य नगरीजवळ, गंगेच्या काठी पुनर्वसू आत्रेय शिष्यांसह फिरत असताना हा संवाद घडतो. माणसांच्या प्रकृती, आहार, वय सारे वेगळे. मग एकाच वेळी एकाच रोगाने ती का मरतात, असा तिथला प्रश्न आहे. उत्तर असे की वायू, पाणी, भूमी आणि काळ या चार गोष्टी सर्वांना सामाईक असतात, त्या बिघडल्या की सारेच आजारी पडतात. आणि या बिघाडाच्या मुळाशी माणसांचा, विशेषतः राज्य करणाऱ्यांचा अधर्म असतो. पुढे आत्रेयांचा शिष्य अग्निवेश थेट विचारतो, आयुष्य ठरलेले असते की नसते? आत्रेय दैव नाकारत नाहीत. पूर्वजन्मीचे कर्म ते दैव, या जन्मीचे कर्म तो पुरुषकार, आणि दोहोंत जो बलवान तो दुसऱ्यावर मात करतो, असे ते सांगतात. सगळ्यांचे आयुष्य आधीच ठरलेले असते, तर औषधोपचारांना आणि हिंस्र प्राण्यांपासून दूर राहण्याला काही अर्थच राहिला नसता, हाही त्यांचाच युक्तिवाद. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायातही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत आणि दैव त्यात पाचवे आहे. आधीच्या चारांचा हिशेब न देता पाचव्यावर बोट ठेवणे शास्त्रालाही धरून नाही.

पुरुषकाराचे बळ किती, याचा आधुनिक पुरावा महाराष्ट्रातच मिळतो. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी स्थापन केलेल्या ‘सर्च’ या संस्थेने 1993 पासून 39 गावांत नवजात बाळांचा अभ्यास केला आणि तुलनेसाठी 47 गावे घेतली. सुरुवातीला दर हजार जिवंत जन्मांमागे पहिल्या महिन्यात दगावणारी बाळे एकीकडे 62 आणि दुसरीकडे 58 होती. त्यानंतर 39 गावांत थोड्याफार शिकलेल्या स्थानिक बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार करण्यात आले. बहुतेक बाळंतपणे घरीच होत. आरोग्यदूत तिथे हजर राहायची, बाळाचे वजन करायची, त्याला उबदार ठेवायला आणि लगेच अंगावर पाजायला शिकवायची, महिनाभर ठरल्या दिवशी घरी येऊन तपासायची आणि जंतुदोषाची लक्षणे दिसली की प्रतिजैविकाचे इंजेक्शनही द्यायची. तिसऱ्या वर्षी या गावांतला मृत्युदर 25च्या आसपास आला. तुलनेच्या गावांत तो 60च्या जवळपासच राहिला. 1999मध्ये ‘लॅन्सेट’ने हे निष्कर्ष छापले. दोन्हीकडची माणसे एकाच मातीतली, सुरुवातीचा मृत्युदर जवळपास सारखा. प्रारब्ध काही गावाच्या शिवेवर बदलत नाही. बदलले ते एवढेच, की एका बाजूला बाळाकडे बघणारे कुणीतरी होते.

हे ‘बघणे’ म्हणजे काय, हेही नीट पाहिले पाहिजे. बाळाला न्यूमोनिया झाला की श्वास जलद होतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला साठ किंवा अधिक असेल तर तो धोक्याचा. पण ज्या सुईणीला साठपर्यंत मोजता येत नाही, तिने काय करावे? तिच्यासाठी गडचिरोलीत एक साधे उपकरण तयार झाले: एक मिनिटाची वाळूची घडी आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत तांबड्या मण्यापर्यंत पोहोचलो तर औषध सुरू करायचे. निरक्षर हातांनी त्या मण्यांवर जे केले ते रोगनिदान होते, आणि माझ्या मते ती उपासनाही होती. एका अनोळखी जिवाच्या श्वासावर पूर्ण मिनिटभर मन एकाग्र करणे, याहून मोठा जप कोणता?

यावर पहिला आक्षेप असा: जी बाळे वाचली त्यांच्या नशिबात वाचणे होते, आरोग्यदूत तिथे पोहोचणे हेही विधिलिखितच होते. तर्काने हा आक्षेप खोडता येत नाही, कारण काहीही घडले तरी तो खराच ठरतो. पण म्हणूनच आचरणाला त्याचा काडीचा उपयोग नाही. उद्या आरोग्यदूत पाठवायची की नाही, हे तो सांगू शकत नाही. धर्मविचार माणसाला कसे वागावे हे सांगण्यासाठी असतो, आणि वागण्यापुरते पाहिले तर पुरुषकार धरूनच चालावे लागते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दैवाचा आधार काढून घेतला तर मूल गमावलेल्या आईने कशाला धरून जगायचे? हा मृत्यू टाळता आला असता, हे तिला ऐकवणे क्रौर्य नव्हे काय? आहेच. म्हणून कोण बोलतो आणि केव्हा बोलतो, हे महत्त्वाचे. घडून गेल्यावर शोकाकुल माणसाने स्वतःच्या सांत्वनासाठी दैवाचा आधार घेतला तर तो त्याचा हक्क आहे. तो हिरावून घेणारे ज्ञान ज्ञान नव्हे. पण घडण्याआधी, औषधांच्या साठ्याची, रस्त्याची, अर्थसंकल्पाची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांनी तोच आधार घेतला तर तो अधर्म होय. नोंदीची गरज इथेच लागते. 2001च्या ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने दाखवून दिले की महाराष्ट्रातले कितीतरी बालमृत्यू सरकारी नोंदींत येतच नव्हते. ज्या मृत्यूची नोंद नाही, त्याचा जाब कुणाला विचारणार? मेलेल्या मुलाची नोंद करणे हे त्याच्याप्रती अखेरचे कर्तव्य आहे, आणि ते आईचे नाही, समाजाचे आहे.

तिसरा आक्षेप आजच्या शहरी वाचकाला जवळचा वाटेल. जोखमीची भाषाच नवे दैव होत नाही काय? तुमचे वजन, तुमची साखर, तुमच्या सवयी. आजारी पडलात तर दोष तुमचाच. हा धोका खरा आहे आणि त्याला उत्तरही संशोधनानेच दिले आहे. पुण्याजवळच्या सहा गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून गर्भवती आणि त्यांची मुले यांचा अभ्यास चालवला. तिथल्या बाळांचे जन्मवजन सरासरी 2.7 किलो, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे 3.5 किलो. आपली बाळे हाडापेराने किरकोळ, पण चरबी त्या मानाने टिकून; पुढे मधुमेहाकडे झुकणारी ही ठेवण पोटात असतानाच घडू लागते आणि तिचे धागे आईच्या पोषणाशी जुळतात. चाळिशीत मधुमेह झालेल्या माणसाला त्याच्या कर्माची फळे म्हणून हिणवणाऱ्याने विचार करावा, की त्याने यातले नेमके कोणते कर्म केले? ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोझ यांनी 1985मध्ये दोन प्रश्न वेगळे केले: या माणसाला हा रोग का झाला, आणि या समाजात तो इतक्यांना का होतो? पहिल्याचे उत्तर अनेकदा हाती लागत नाही. तिथे दैव म्हटले तरी बिघडत नाही. दुसऱ्याचे उत्तर मात्र अन्न, पाणी, श्रम आणि सत्ता यांच्या वाटपात सापडते. चरकसंहितेतल्या चार सामाईक गोष्टींसारख्या याही सर्वांना सामाईक.

मात्र नोंद ठेवणाऱ्यावरही बंधन आहे. 1897च्या प्लेगमध्ये पुण्यात सरकारने सैनिक लावून घरांची झडती घेतली, रोगी हुडकून काढले. हेतू रोग थोपवण्याचा होता, पण रीत अपमानाची; परिणामी लोक आजार आणि मृत्यू लपवू लागले. ज्या मोजणीमागे सेवा नाही, तिच्यापासून माणूस पळतो, आणि ते योग्यच आहे. दुसऱ्याच्या आजाराची माहिती ही ठेव आहे. ती घेणाऱ्याने जपली पाहिजे आणि औषधाच्या, सेवेच्या रूपाने परत केली पाहिजे. गडचिरोलीत जे सिद्ध झाले ते तिथेच अडकून राहिले असते, तर तुलनेच्या 47 गावांचे ऋण फिटले नसते. 2011मध्ये देशाने गावपातळीवर आरोग्यसेवा देणाऱ्या ‘आशा’ कार्यकर्तींमार्फत नवजात बाळांची घरपोच काळजी घेण्याचे धोरण स्वीकारले, तेव्हा त्या ऋणाचा पहिला हप्ता चुकता झाला. बाकीचे अजून फेडायचे आहे, कारण हे काम करणाऱ्या आशांना आजही मानधनासाठी रस्त्यावर यावे लागते.

शेवटी एक गोष्ट उरते, आणि तिच्यामुळे या कामाला मी धर्मकार्य म्हणतो. मृत्युदर 62वरून 25वर आला, पण वाचलेली बाळे नेमकी कोणती, हे कुणालाही सांगता येत नाही. ज्या घरांत आरोग्यदूत गेली त्यांतली बहुतेक बाळे तशीही जगणारच होती. आपल्यामुळे जगलेले मूल तिला कधीच बोटाने दाखवता येणार नाही आणि त्याची आईही तिचे आभार मानायला येणार नाही, कारण आपले मूल जायचे होते हे तिला ठाऊकच नसेल. फळाची आस न धरता कर्म करावे, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. प्रतिबंधाच्या कामात ते फळ दिसतच नाही. तरीही ठरल्या दिवशी, ठरल्या घरी जाणे, श्वास मोजणे, वहीत लिहिणे आणि पुन्हा जाणे, हा आजच्या काळातला कर्मयोग आहे. तो करणाऱ्या बायकांना समाजाने निदान पोटापुरते वेतन आणि सन्मान द्यावा. दैवाची चर्चा आपण त्यानंतर करू.